अनाहूत सेवा : विलग संगणक-परिसरातील आज्ञेचा प्रश्न

भाषेच्या अभ्यासासाठी संगणकाचा उपयोग करणाऱ्या विभागांपुढे एक अडचण वारंवार उभी राहते. दहाबारा वर्षांपूर्वी बोलींच्या नमुन्यांचे पृथक्करण ज्या प्रोग्रॅमच्या साहाय्याने झाले, तो प्रोग्रॅम आजच्या यंत्रणेवर चालत नाही. आणि तो चालविल्यावाचून जुने निष्कर्ष पुन्हा पडताळून पाहता येत नाहीत. अशा वेळी जुनी यंत्रणाच संपूर्णपणे नव्या यंत्रणेच्या पोटात, एका स्वतंत्र डिरेक्टरीत, उभी करण्याचा मार्ग पत्करला जातो. या अंतर्गत यंत्रणेस विलग परिसर असे म्हणता येईल. तिच्यात प्रवेश केला असता आपण जुन्याच संगणकापुढे बसलो आहोत असा भास होतो, आणि बाहेरील यंत्रणेस धक्का न लावता हवे ते काम करता येते.

निदान तशी समजूत असते. आता असे समजा की, या परिसरात पीएचपी या भाषेत लिहिलेला एक लहानसा प्रोग्रॅम चालवावयाचा आहे. त्यासाठी डेबियन लिनक्सवर ‘पीएचपी’ हे पॅकेज मागविले जाते. पीएचपीला वेब सर्व्हरची जोड लागते असे गृहीत धरून त्याबरोबर अपाची हा वेब सर्व्हरही येऊन बसतो. येथवर ठीक आहे. परंतु पॅकेज बसविण्याचे काम संपते न संपते तोच अपाची सुरूही होतो, आणि बाहेरच्या यंत्रणेचे ८० क्रमांकाचे पोर्ट मोकळे असल्यास ते ताब्यात घेऊन साऱ्या नेटवर्कला उत्तरे देऊ लागतो. सर्व्हर चालू करण्याची आज्ञा कोणीही दिलेली नसते. मग ती आज्ञा दिली कोणी, ती बंद परिसराच्या भिंती ओलांडून बाहेर कशी पोचली, आणि तिचा निषेध नेमका कोठे करावा, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. बसविणे आणि चालू करणे

व्यवहारात ‘पंखा बसविला’ आणि ‘पंखा चालू केला’ ही दोन वाक्ये एकाच अर्थाची आहेत असे कोणी म्हणणार नाही. पहिल्या वाक्यात एक वस्तू योग्य जागी आल्याचे विधान आहे. दुसऱ्यात त्या वस्तूकडून काम सुरू करवून घेण्याचे. पंखा बसविणाऱ्या कारागिराने तो फिरतो की नाही हे पाहण्यासाठी क्षणभर चालू केला, तरी जाताना तो बंद करून जाणे हा शिष्टाचार मानला जातो.

डेबियन या यंत्रणेचा (ती १९९३ साली इयान मर्डॉक यांनी सुरू केली) संकेत याहून भिन्न आहे. नेटवर्कवर सेवा देणारे एखादे पॅकेज बसविले, की ती सेवा ताबडतोब चालू व्हावी, हा तेथील प्रघात आहे. त्यामागे एक सरळ तर्क आहे. ज्याने वेब सर्व्हर मागविला, त्याला तो चालू हवाच असणार. एरवी त्याने तो कशाला मागविला असता? फेडोरा व तिच्या कुळातील यंत्रणांनी याच्या उलट धोरण स्वीकारले आहे. तेथे सेवा बसते, पण व्यवस्थापकाने सांगितल्यावाचून ती सामान्यतः सुरू होत नाही. दोन्ही धोरणांस आपापली बाजू आहे. परंतु पहिल्या धोरणात ‘बसविणे’ या क्रियापदाच्या पोटात ‘चालू करणे’ हे क्रियापद दडलेले आहे, आणि प्रस्तुत अडचणीचा उगम तेथेच आहे.

हे दडलेले क्रियापद प्रत्यक्षात कोठे असते? डेबियनच्या पॅकेजबरोबर काही लहान लिपी, म्हणजे आज्ञांच्या याद्या, येतात. फायली जागेवर ठेवण्यापूर्वी काय करावे, ठेवल्यानंतर काय करावे, काढून टाकण्यापूर्वी काय करावे आणि काढून टाकल्यानंतर काय करावे, हे त्यांत लिहिलेले असते. फायली जागेवर आल्यानंतर चालणारी लिपी, जिला ‘पोस्टइन्स्ट’ म्हणतात, तीच सेवेस ‘चालू हो’ असे सांगते. म्हणजे आज्ञा देणारा हा पॅकेज तयार करणारा मनुष्य होय. त्याने ती कधी तरी, कोठे तरी बसून लिहिली आणि ती उच्चारली जाण्याचा क्षण मात्र दुसऱ्याच्या हाती सोपविला. लिहिताना त्याच्या मनापुढे एक पूर्ण संगणक होता. ती उच्चारली जाते तेव्हा तो संगणक तेथे असतोच असे नाही.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास ही परिस्थिती परकी वाटू नये. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत हे दाखवून दिले की, काही उक्ती वर्णन करीत नाहीत, कृती करतात. आणि ती कृती यशस्वी होण्यास उक्तीभोवतीची परिस्थिती अनुकूल असावी लागते. आज्ञा हा अशाच उक्तीचा एक प्रकार आहे. प्रतिकूल परिस्थितीत दिलेली आज्ञा बहुधा निष्फळ ठरते. येथे मात्र वेगळेच घडते. आज्ञा चुकीच्या जागी उच्चारली जाते, आणि तरीही ती पाळली जाते.

२. विलगतेची मर्यादा

विलग परिसर निर्माण करण्याचे सर्वांत जुने आणि आजही रूढ असलेले साधन म्हणजे युनिक्सची ‘सीएचरूट’ ही सोय. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ती आढळते. तिचे काम एकच आहे : एखाद्या प्रक्रियेपुरती मूळ डिरेक्टरी बदलणे. युनिक्समध्ये प्रत्येक फाइलीचा पत्ता एका तिरप्या रेघेपासून, म्हणजे मुळापासून, सुरू होतो. सीएचरूटने त्या रेघेचा अर्थ बदलतो. आत शिरलेल्या प्रक्रियेच्या दृष्टीने एखादी साधी डिरेक्टरीच जगाचे मूळ बनते, आणि तिच्या बाहेरील फायलींस नावच उरत नाही.

म्हणजेच सीएचरूट नावे विलग करते, वस्तू नव्हे. फायलींच्या नावांखेरीज बाकी सर्व काही आत आणि बाहेर समाईकच राहते. कर्नल एकच असतो. प्रक्रियांचा पट एकच असतो. आणि प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नेटवर्क एकच असते : तोच पत्ता, तीच पोर्टे.

जुन्या वाड्यातील बिऱ्हाडाची कल्पना येथे उपयोगी पडेल. बिऱ्हाडास आपली खोली, आपली चूल, आपली मांडणी असते. शेजारच्या बिऱ्हाडाचे डबे कोठे आहेत हे त्याला दिसत नाही. परंतु चौकातील नळ एकच असतो आणि रस्त्यावरचा दरवाजाही एकच असतो. खोलीत बसून एखाद्याने ‘नळ सोडा’ असे सांगितले, तर पाणी खोलीत येत नाही. चौकातील नळ वाहू लागतो. सीएचरूटमधील सेवेने ‘८० क्रमांकाचे पोर्ट उघडा’ असे म्हटले असता नेमके हेच होते.

‘लोकलहोस्ट’ या नावाची गोष्टही अशीच आहे. हा शब्द संगणकाच्या भाषेतील ‘इथे’ होय. ‘इथे’ या शब्दास स्वतःचा ठराविक अर्थ नसतो. बोलणारा ज्या जागी असेल त्या जागेवरून तो ठरतो. परिसराच्या आत बसलेला मनुष्य ‘लोकलहोस्ट’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात आतली जागा असते. कर्नलच्या लेखी मात्र तो शब्द संपूर्ण यंत्राचा वाचक असतो. बोलणाऱ्याचे ‘इथे’ आणि ऐकणाऱ्याचे ‘इथे’ यांत असे अंतर पडले, की चूक होण्यास दुसरे काही लागत नाही.

पुढील काळात अधिक पुरी विलगता देणारी साधने निघाली. फ्रीबीएसडीमध्ये २००० साली ‘जेल’ ही सोय आली. लिनक्समध्ये ‘नेमस्पेस’ या नावाची साधने टप्प्याटप्प्याने आली : फायलींच्या जोडणीपुरते नेमस्पेस २००२ साली, नेटवर्कचे नेमस्पेस २००८ साली. २०१३ साली पुढे आलेला डॉकर याच साधनांवर उभा आहे. नेटवर्कचे नेमस्पेस निराळे असले की आतील ‘इथे’ हे खरोखरच आतले ‘इथे’ होते. परंतु या सुधारणेने सीएचरूट नाहीसा झालेला नाही. यंत्रणा नव्याने उभी करताना, बिघडलेली यंत्रणा दुरुस्त करताना, पॅकेजे तयार करताना तोच हाताशी येतो, कारण त्यास पूर्वतयारी जवळजवळ लागत नाही.

३. परिणाम

अनाहूत सेवा चालू झाल्याने बिघडते काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याची उत्तरे एकाहून एक गंभीर आहेत.

सर्वांत सौम्य परिणाम म्हणजे अपयश. बाहेर एक वेब सर्व्हर आधीच चालू असेल, तर आतील सर्व्हरला ८० क्रमांकाचे पोर्ट मिळत नाही, त्याची सुरुवात फसते, आणि त्यामुळे पॅकेज बसविण्याचे कामही अर्धवट अडकू शकते. हा परिणाम त्रासदायक खरा, परंतु प्रामाणिक आहे. निदान तो लपून राहत नाही.

दुसरा परिणाम लपून राहणारा आहे. डेबियनवरील पोस्टग्रेएसक्यूएल हे डेटाबेसचे पॅकेज आपला संच उभारताना ५४३२ हे नेहमीचे पोर्ट व्यापलेले आढळल्यास पुढील मोकळे पोर्ट, बहुधा ५४३३, निवडते आणि निमूटपणे काम सुरू करते. आता परिसराच्या आतील एखादा चाचणीचा प्रोग्रॅम लोकलहोस्टवरील ५४३२ क्रमांकाशी बोलू लागला, तर तो आतल्या डेटाबेसशी बोलत नाही. बाहेरच्या, खऱ्या डेटाबेसशी बोलतो. परिसर मूळ यंत्रणेची नक्कल करून बनविला असेल तर नावे व सांकेतिक शब्दही तेच असतात. चाचणीसाठी म्हणून पुसलेली सारणी ही मग प्रत्यक्ष संशोधनाची सारणी असू शकते.

तिसरा परिणाम बाहेरच्या लोकांस भोगावा लागतो. चालू यंत्रणेची संपूर्ण नक्कल केली असता पत्रव्यवहाराच्या सेवेची रांगही नकलेत येते. त्या रांगेत त्या क्षणी पोचवावयाची राहिलेली पत्रे असतात. नकलेतील टपालसेवा चालू झाली, की मूळ यंत्रणेने पाठविलेली तीच पत्रे ती पुन्हा पाठवू लागते. तसेच, नकलेतील वेब सर्व्हर रिकामे पोर्ट मिळताच तिच्यातील फायली दाखवू लागतो. त्या फायलींत भाषक-निवेदकांची नावे, गावे आणि ध्वनिमुद्रणे असतील, तर ज्या विश्वासाने त्यांनी ती दिली त्या विश्वासाचाच भंग होतो. कोणी मुद्दाम काही केलेले नसते, एवढेच काय ते समाधान.

चौथा परिणाम उलट दिशेचा आहे. पॅकेज काढताना किंवा नवी आवृत्ती घालताना ‘थांब’ ही आज्ञाही दिली जाते. प्रक्रियांचा पट समाईक असल्यामुळे, प्रक्रियेच्या केवळ नावावरून तिला थांबविणारी एखादी लिपी आत चालली, तर ती त्याच नावाची बाहेरची सेवा बंद पाडू शकते. म्हणून निषेध करावयाचा तो केवळ ‘चालू हो’ या आज्ञेचा नव्हे, ‘थांब’ या आज्ञेचाही केला पाहिजे.

४. निषेधाची जागा

आज्ञा पॅकेजांच्या शेकडो लिपींत विखुरलेल्या असतात. प्रत्येक लिपी उघडून तीतील आज्ञा खोडणे शक्य नाही, आणि इष्टही नाही. तेव्हा या सर्व आज्ञा ज्या एका दारातून जातात ते दार शोधून तेथे पहारा ठेवणे हाच योग्य मार्ग होय.

डेबियनमध्ये असे दार आहे. पॅकेजातील लिपीने सेवेस थेट हाक मारू नये, ‘इन्व्होक-आरसी.डी’ या मध्यस्थामार्फत मारावी, असा डेबियनच्या धोरण-ग्रंथाचा दंडक आहे. हा मध्यस्थ आज्ञा पुढे पोचविण्यापूर्वी एक प्रश्न विचारतो : ‘पॉलिसी-आरसी.डी’ नावाची फाइल आहे काय? ती परिसराच्या मुळापासून /यूएसआर/एसबिन/ या डिरेक्टरीत असावयास हवी. सामान्य यंत्रणेवर ती नसते, आणि ती नसली की मध्यस्थ परवानगी गृहीत धरतो. ती असेल तर तिला सेवेचे नाव आणि अपेक्षित क्रिया सांगून तो तिच्या उत्तराची वाट पाहतो. उत्तर अंकात येते. शून्य म्हणजे करण्यास हरकत नाही. १०१ म्हणजे धोरणानुसार मनाई.

म्हणून साध्या गरजेपुरती ही फाइल दोन ओळींची असते. पहिल्या ओळीत ती कोणत्या शेलने वाचावयाची हे असते. दुसरीत ‘एक्झिट १०१’ एवढेच. कोणतीही सेवा असो, कोणतीही क्रिया असो, उत्तर एकच : नाही. अधिक सूक्ष्म नियम हवा असल्यास सेवेचे नाव तपासून एकीस होकार आणि इतरांस नकार देणेही शक्य आहे, परंतु विलग परिसरात सरसकट नकारच बहुधा शहाणपणाचा ठरतो.

या योजनेत दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, ही फाइल चालविण्याजोगी, म्हणजे तशी परवानगी असलेली, असली पाहिजे. केवळ लिहून ठेवलेल्या पण चालविता न येणाऱ्या फाइलीकडे मध्यस्थ दुर्लक्ष करतो आणि सेवा बेलाशक चालू होते. हा प्रमाद वारंवार घडतो, कारण फाइल डोळ्यांना तर दिसत असते. दुसरी गोष्ट अधिक मार्मिक आहे. मनाई झाली असता मध्यस्थ लिपीकडे अपयश कळवीत नाही. विशेष सूचना नसेल तर तो काम ठीक झाल्याचेच कळवितो. त्यामुळे पॅकेज बसविण्याचे काम खोळंबत नाही. सेवा बसते, पण चालू होत नाही. ‘बसविणे’ आणि ‘चालू करणे’ या दोन क्रियापदांची पडलेली गाठ येथे पुन्हा सुटते.

५. इतर उपाय व त्यांचे स्थान

या उपायाखेरीज इतरही उपाय वापरात आहेत. त्यांची तुलना केली असता प्रत्येकाची मर्यादा स्पष्ट होते.

नवी डेबियन यंत्रणा उभारणारे ‘डीबूटस्ट्रॅप’ हे साधन उभारणीच्या काळात सेवा चालू करणाऱ्या ‘स्टार्ट-स्टॉप-डीमन’ या प्रोग्रॅमच्या जागी एक तोतया ठेवते. त्यास हाक मारली असता तो आपण काहीच करीत नसल्याची सूचना छापतो आणि परत फिरतो. परंतु उभारणी संपताच तोतया काढून खरा प्रोग्रॅम जागेवर ठेवला जातो. म्हणजे संरक्षण असते ते नेमके पहिल्या टप्प्यापुरते. त्यानंतर परिसरात जे पॅकेज बसवावे ते पुन्हा मोकळे असते. डीबूटस्ट्रॅपने काही चालू केले नाही, म्हणून पुढेही काही चालू होणार नाही, असे समजणारे येथे फसतात.

उबुंटूवर अपस्टार्ट ही आरंभ-व्यवस्था होती त्या काळात तिच्या ‘इनिटसीटीएल’ या प्रोग्रॅमच्या जागी काहीच न करणारा ‘ट्रू’ हा प्रोग्रॅम जोडून देण्याची युक्ती प्रचलित होती. २०१५ साली उबुंटूने सिस्टमडी स्वीकारल्यावर त्या युक्तीचे प्रयोजन संपले. सिस्टमडीची रीत मुळातच सावध आहे. तिच्यात सेवा चालू करण्याचे काम लिपी स्वतः करीत नाही. ती ‘सिस्टमसीटीएल’मार्फत यंत्रणेच्या पहिल्या प्रक्रियेस विनंती करते. आणि आपण सीएचरूटच्या आत आहोत असे आढळल्यास सिस्टमसीटीएल ‘चालू कर’ ही विनंती दुर्लक्षित करून तसे स्पष्ट सांगते. तरीही ज्या पॅकेजांत जुन्या पद्धतीच्या आरंभ-लिपी शिल्लक आहेत, त्यांची सेवा या वाटेस न जाता सरळ चालू होऊ शकते. जुने प्रोग्रॅम चालविण्यासाठी जे परिसर उभारले जातात त्यांत अशाच लिपी अधिक असणार, हे उघड आहे.

नेटवर्कचे स्वतंत्र नेमस्पेस हा उपाय निराळ्या जातीचा आहे. तो आज्ञा अडवीत नाही. तिचा परिणाम बाहेर जाऊ देत नाही. सेवा चालू झाली तरी तिला बाहेरच्या यंत्राचे पोर्ट दिसत नाही. संरक्षण म्हणून हा उपाय अधिक बळकट आहे. परंतु अनाहूत सेवा त्यानेही टळत नाही. ती आत चालू राहते आणि परिसरातील फायली धरून ठेवते, त्यामुळे काम संपल्यावर परिसराची डिस्क सोडवू गेल्यास ती वापरात असल्याचे उत्तर मिळते.

म्हणूनच डेबियन व उबुंटू यांच्या डॉकरसाठीच्या अधिकृत प्रतिमांत, नेटवर्क निराळे असूनही, नकार देणारी पॉलिसी-आरसी.डी ही फाइल घातलेली आढळते. तेथे कारण थोडे वेगळे आहे. डॉकरची प्रतिमा बांधताना प्रत्येक टप्पा संपताच त्यातील सर्व प्रक्रिया संपविल्या जातात. त्या अवस्थेत सेवा चालू करणे निरर्थक असते आणि पुष्कळदा बांधणीच मोडते. पॅकेजे बांधण्यासाठी वापरले जाणारे ‘एसबिल्ड’ हे साधनही आपला परिसर तयार करताना हीच फाइल ठेवते. भिन्न गरजांतून निघालेले हे मार्ग एकाच दाराशी येऊन थांबतात, यातच त्या दाराचे महत्त्व आहे.

अर्थात हा पहारा विनंतीवजा आहे, तुरुंगवजा नव्हे. जो मध्यस्थामार्फत जातो त्यासच तो अडवितो. परिसरात शिरून कोणी आरंभ-लिपी स्वतः हाताने चालविली, किंवा ‘सर्व्हिस’ या आज्ञेचा उपयोग केला, तर पॉलिसी-आरसी.डीला कोणी विचारीत नाही. सद्हेतूने पण अजाणता होणारी चूक टाळणे हा तिचा उद्देश आहे. हेतुपुरस्सर केलेल्या कृतीस ती आवर घालू शकत नाही. सीएचरूटही तसाच आहे : आत पूर्ण अधिकार असलेल्या प्रक्रियेस त्यातून बाहेर पडता येते. तेव्हा परक्या किंवा संशयास्पद प्रोग्रॅमसाठी या दोहोंवर विसंबणे चुकीचे ठरेल.

६. पडताळा आणि निषेधाची समाप्ती

कामाचा क्रम असा ठेवावा. परिसर उभा राहताच, त्यात पहिले पॅकेज बसविण्यापूर्वी, नकाराची फाइल ठेवावी व ती चालविण्याजोगी आहे याची खात्री करावी. पॅकेज मागविताना केवळ आवश्यक तेवढेच मागवावे. शिफारस म्हणून येणारी पॅकेजे टाळण्याची सोय ‘ॲप्ट’मध्ये आहे. त्यानंतर बाहेरच्या यंत्रणेतून दोन पडताळे घ्यावेत. कोणकोणती पोर्टे उघडी आहेत हे ‘एसएस’ या आज्ञेने कळते. आधीची यादी आणि नंतरची यादी यांत फरक पडता कामा नये. शिवाय ‘प्रॉक’ या डिरेक्टरीत प्रत्येक प्रक्रियेच्या नोंदीखाली ‘रूट’ नावाचा एक दुवा असतो. तिचे मूळ कोणते मानले जाते हे त्यावरून दिसते, आणि परिसरास मूळ मानणारी एखादी प्रक्रिया मागे राहिली असल्यास ती लगेच उघडकीस येते.

शेवटची पायरी मात्र अनेकदा विसरली जाते. ज्या परिसराचे पुढे स्वतंत्र यंत्र व्हावयाचे असते, म्हणजे जो नव्या संगणकाच्या डिस्कवर बसवून त्यावरून संगणक सुरू करावयाचा असतो, त्यातून ही फाइल काढून टाकली पाहिजे. ती राहून गेली तर दोष पटकन दिसत नाही. संगणक सुरू होताना चालू होणाऱ्या सेवा या मध्यस्थाच्या वाटेने जात नाहीत. त्यामुळे यंत्र नीट सुरू होते, सर्व सेवा उत्तरे देतात, आणि सारे काही सुरळीत असल्याचे वाटते. खरी हानी पुढे होते. सुरक्षेसाठी एखाद्या सेवेची सुधारलेली आवृत्ती येते, ती बसविली जाते, आणि ‘नव्याने चालू हो’ ही आज्ञा विसरलेल्या फाइलीपाशी अडते. डिस्कवर नवी आवृत्ती, स्मृतीत मात्र जुनीच, सदोष आवृत्ती चालू, अशी स्थिती यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत राहते. काम यशस्वी झाल्याचा निर्वाळा मध्यस्थ देतच असतो. नकाराची एक ओळ तेवढी पडद्यावर येऊन जाते, आणि ती वाचण्यास बहुधा कोणी बसलेला नसतो.

ज्या गुणामुळे ही योजना विलग परिसरात उपकारक ठरते, तोच गुण, म्हणजे नकार देऊनही काम न अडविण्याचा गुण, खऱ्या यंत्रावर अपायकारक ठरतो, हे यावरून दिसून येईल. आज्ञेला जसा संदर्भ असतो तसा निषेधालाही असतो. पॅकेजकर्त्याने पूर्ण यंत्र मनात धरून ‘चालू हो’ असे लिहिले आणि ते बंद परिसरात उच्चारले गेले. तद्वत व्यवस्थापकाने बंद परिसर मनात धरून ‘नाही’ असे लिहिले आणि ते पूर्ण यंत्रावर उच्चारले जात राहिले. दोन्ही ठिकाणी चूक शब्दांची नव्हे, त्यांच्या जागेची आहे. म्हणून नकाराची फाइल ज्या हाताने ठेवली त्याच हाताने, ती कधी काढावयाची याची नोंदही परिसराच्या कागदपत्रांत करून ठेवावी. दोन ओळींच्या फाइलीसाठी एका ओळीची ही नोंद फार मोठा खर्च नव्हे.